उघडलं तर हो

७ सप्टेंबर, रविवार

आणलं एकदाचं! सांगलीपासून साताऱ्यापर्यंत एसटीत मांडीवर थर्माकोलचा डबा. पाय पसरले नाहीत, कराडला उतरून चहासुद्धा घेतला नाही. कंडक्टर म्हणाला, "लस हाय काय ताई त्यात?" म्हटलं, "नाही, जिवंत आहे." शेजारच्या बाईंनी झटकन पाय वर घेतले!

घरी आले तर आत्याबाई दारातच उभ्या. सासू म्हणून दारात उभं राहायची जुनी सवय. डब्यात वाकून बघितलं. "ह्ये काय गं? चपलंचा तुकडा?"

दिसतंय तसंच खरं. अंगठ्याएवढं, तपकिरी, आळंब्यासारखं, एका खडकाच्या खापरीवर चिकटवलेलं. पण ते मिटलेलं आहे म्हणून! उघडलं की टोपीवर बारीक बारीक फुलं उमलतात, शेकडो, आणि पाण्याबरोबर डोलतात. सांगलीला धनाजीरावांच्या माशांच्या टाकीत आज बघितलीत मी. त्यांनी त्यांच्याच मोठ्या कोरलचा, म्हणजे जिवंत प्रवाळाचा, तुकडा कापून वाढवून दिलाय. "समुद्रातलं तोडून आणलेलं नाही हां सिस्टर, घरचंच रोप आहे."

स्टँडवर सोडायला आले होते. गाडी हलता हलता खिडकीशी येऊन म्हणाले, "हे उघडलं की फोन करा. मी साताऱ्याला येतो. एक विचारायचंय."

"मग आत्ताच विचारा की!"

"नको. ते उघडू दे आधी."

काय विचारायचंय ते मला कळत नाही होय? सेहेचाळीस वर्षांची बाई मी, कुकुलं बाळ नाही. कराड येईपर्यंत कान तापले होते.

८ सप्टेंबर

नाही उघडलं. आत्याबाई म्हणतात, "आजपासनं पितर बसली. ह्या पंधरवड्यात कोन नवं आनतंय व्हय घरात?" म्हटलं, काल आणलंय, एक दिवस आधी!

१० सप्टेंबर

तसंच.

दिवा लावायचं ठरलंय ते असं — टाकीवर लांबट दिवा टांगलाय, त्याला दोन गोल बटणं. एक निळ्याचं, एक पांढऱ्याचं. निळा शंभरात तीस, पांढरा जेमतेम. दुपारी बारा ते सहा, बस्स. टायमर लावून दिलाय. मी म्हटलं, एवढाच उजेड? हा तर अंधारच की! तर धनाजीराव म्हणाले, "सिस्टर, नवीन जागेत उजेड हळूच द्यायचा. कमी पडला तर ते फक्त रुसतं. जास्त झाला तर भाजतं." उजेड मोजायचं मशीनही दिलंय उसनं. काठीच्या टोकाला रुपयाएवढी चकती, ती पाण्यात कोरलजवळ धरायची. आकडा पन्नासच्या आसपास हवा, पुढे सावकाश शंभरापर्यंत. आज बरोबर आला. आत्याबाईंना वाटलं, मी माशांचा ताप बघतेय.

दोन्ही बटणांच्या जागी मी लाल टिकल्या चिकटवल्यात. म्हणजे चुकून हललं तर कळेल. आत्याबाईंना बजावलंय — टाकीला हात नाही लावायचा!

आता हे सगळं कुणाला सांगू? लेक पूजा पुण्यात, परीक्षेत बुडालेली. वॉर्डात सांगितलं तर संध्याकाळपर्यंत साताराभर. म्हणून इथे.

गेल्या वर्षी त्यांच्या भाचीचं बाळ आमच्या वॉर्डात होतं. भाची साताऱ्यात दिलीय. बाळाला कावीळ, निळ्या दिव्याखाली ठेवलेलं. हा माणूस काचेबाहेर उभा, बाळाकडे कमी आणि दिव्याकडे जास्त बघत. मी डाफरले, "अहो, बाळ बघा की! दिवा काय बघताय?" तर म्हणतो, "सिस्टर, माझ्या घरी असाच उजेड आहे. त्याच्याखाली समुद्र आहे." म्हटलं, डोक्यावर परिणाम झालाय बिचाऱ्याच्या! मग फोटो दाखवले. सांगलीत स्टुडिओ आहे त्यांचा, लग्नाबिग्नाचे फोटो काढतात. पण ते फोटो! निळ्या उजेडात हिरवं, जांभळं, हलतंय असं वाटणारं. त्या दिवशी मी डबा खायची विसरले.

मग ही टाकी आली. खारं पाणी, खडक, दोन केशरी पट्ट्यांचे मासे. आत्याबाईंनी त्यांचं नाव ठेवलंय नवरा-नवरी. कोरल मात्र मिळेना. "पाणी मुरू द्या" म्हणून कितीतरी महिने टोलवलं मला. फोन टाकीसाठी सुरू झाले, आणि मग टाकीचं बोलून संपलं तरी चालूच राहिले. त्यांची बायको जाऊन बरीच वर्षं झाली. ह्यांना जाऊन सहा.

कोरेगावला माहेरी गुरव देवाच्या अंगावर कळ्या चिकटवायचा. उजवीकडची पडली तर हो, डावीकडची पडली तर नाही. मीही कौल लावलाय — मनातल्या मनात, त्या चपलेच्या तुकड्याला! उघडलं तर हो. नाही उघडलं तर पुन्हा ह्या विषयावर विचारसुद्धा करायचा नाही.

आणि हो झालं तर आत्याबाईंचं काय? एकुलता एक मुलगा होता, तो गेला. मी सांगलीला निघून गेले तर घरात त्या आणि नवरा-नवरी. हा विचार आला की लिहवत नाही.

१३ सप्टेंबर

सकाळी बघते तर त्याच्या अंगावर मेण चढल्यासारखं! चकचकीत, मलूल. फोन लावला, हात टाकीत म्हणून स्पीकरवर. "मेलं! तुमचं कोरल मेलं!" असं ओरडले मी. ते हसतायत! "सिस्टर, ते कात टाकतंय. चांगलं लक्षण आहे. पाण्याचा झोत जरा त्याच्याकडे वळवा, आणि उजेडाला हात लावू नका." मग म्हणाले, "मला यायची घाई आहे, पण त्याला नाही. काय करणार!"

मी म्हटलं, "त्याच्यावरच सोडलंय का सगळं तुम्ही?"

"तुम्ही नाही सोडलंय?"

आत्याबाई खाटेवर जप करत होत्या, पण त्यांचं कानातलं मशीन दिवसा डबीतच असतं. नाहीतर पंचाईत होती.

१७ सप्टेंबर

कात पडली! मेणचट पापुद्रा झोताबरोबर वाहून गेला, खाली अंग नवंकोरं. टोपी किंचित वर उचललीय. कडेला बारीक टोकं दिसतायत, फुलं नाहीत अजून, पण टोकं! वॉर्डात दिवसभर विनाकारण हसत होते. एका बाळंतिणीनं विचारलं, "सिस्टर, पगार झाला का?"

२१ सप्टेंबर, रविवार

सर्वपित्री. ह्यांचं पान वाढलं. आत्याबाईंनी बाजरीची भाकरी, वांगं, खीर, सगळं स्वतः केलं. मला चुलीजवळ येऊ दिलं नाही. कावळा लगेच शिवला.

दुपारी पान खात बसल्या होत्या. एकदम म्हणाल्या, "माजं पैलं मानूस सापानं गेलं, मेंढरांमागं. मी कवळी पोर. मग तुज्या सासऱ्यासंगं पाट लागला." ठाऊक होतंच मला. दुसरं लग्न म्हणजे पाट, त्यांच्या माणातल्या मेंढपाळांत चालतो, कुणी काही म्हणत नाही. पण स्वतःहून कधी काढत नाहीत तो विषय. आजच का काढला? ह्यांच्या आठवणीनं असेल. मी विषय बदलला. त्यांचा पाट लागला ती गोष्ट वेगळी. आपल्याच लेकाच्या बायकोचा लावायचा, हे कुठली आई सोसेल?

२२ सप्टेंबर, सोमवार

घट बसले. टाकीशेजारच्या देव्हाऱ्यातच. पत्रावळीवर माती, त्यात धान्य, मधे पाण्याचा घट. दिवा नवमीपर्यंत अखंड, विझू द्यायचा नाही. आत्याबाईंनी ह्या वेळी दोन समया लावल्यात, एक गेली तर दुसरी असावी म्हणून.

आणि माझी आजपासून नाइट. लोक देवीला जातात, मी ड्यूटीला! जाताना कोरलला सांगितलं, "नीट राहा." निळा जरासा वाढवलाय, पस्तीसवर. टिकली तिथे सरकवली. मशीनचा आकडा चांगला आहे.

२५ सप्टेंबर

काहीतरी बिनसलंय. टोकं आत गेली. टोपी आक्रसलीय. रंग पिवळट पडलाय — नवजात बाळाला कावीळ झाल्यावर दिसतो तसाच.

२६ सप्टेंबर

आणखी पिवळं. वॉर्डात कावीळ वाढली की आपण काय करतो? दिवा खाली आणतो, बाळाच्या जवळ. साधी गोष्ट! मी दिव्याच्या दोऱ्या सोडल्या, हातभर उंचीवर होता तो वीतभर केला. आता कसं बरं होत नाही बघते!

फोनवर सांगितलं तर धनाजीराव म्हणाले, "रोज किती वेळ चालू असतो?" मी भडकले. बारा ते सहा म्हणजे बारा ते सहा! मी चार्ट ठेवणारी बाई आहे, माझ्या वॉर्डात अर्ध्या मिलीचा हिशेब चुकत नाही, आणि मला विचारता? "तसं नाही सिस्टर, पण लक्षण जास्त उजेडाचं वाटतंय." म्हटलं, "तुम्ही सांगलीत बसून सांगताय. टाकी माझ्यासमोर आहे." आणि फोन ठेवला.

आपटलाच म्हणा ना.

२८ सप्टेंबर, रविवार

पांढरं पडायला लागलंय. दिवा खाली आणून बरं होण्याऐवजी! मशीन धरलं तर आकडा दीडशेच्या वर. घाईघाईनं दिवा पुन्हा वर चढवला. मूर्ख बाई! बाळ वेगळं, कोरल वेगळं — एवढं कळू नये? निळा दिवा दिसला की झालं, सगळीकडे कावीळच दिसते मला!

पण माझ्या दोन दिवसांनी एवढं व्हायला नको होतं. ते आधीच बिघडलं होतं. का?

धनाजीरावांना फोन केला नाही. लाज वाटते.

३० सप्टेंबर, मंगळवार

सापडलं!

आज बदलीची सिस्टर लवकर आली, म्हणून उजाडायच्या आत रिक्षानं घरी. कॉलनीच्या कोपऱ्यावरूनच आमची खिडकी दिसते. निळीजर्द! सगळ्या गल्लीत आमचंच घर असं — आत वीज पेटल्यासारखं. जिना कसा चढले आठवत नाही.

आत बघते तर दिवा चालू. निळा पूर्ण, पांढरा पूर्ण. टायमरचं बटण दाबून ठेवलेलं. आणि आत्याबाई पाटावर बसून टाकीकडे टक लावून बघतायत. मला बघून दचकल्या आणि हात थेट बटणाकडे! टायमरचं बटण सोडलं, दिव्याची दोन्ही फिरवून बरोब्बर टिकल्यांवर आणून ठेवली. म्हणजे माझ्या टिकल्यांचा हा उपयोग! रोज माझ्या गेटचा आवाज आला की असंच करत होत्या. घट बसले तेव्हापासून, रोज रात्रभर!

मी ओरडले. खूप ओरडले. "मेलं ते! तुम्हाला सांगितलं होतं ना हात लावू नका म्हणून!"

त्या म्हणाल्या, "घटाम्होरं अंदार नगं म्हनून गं. समई इजली तर?"

मी रडत धनाजीरावांना फोन केला. आधी माफी मागितली. मग सगळं सांगितलं. त्यांनी एकदाही "मी म्हणालो होतो" असं म्हटलं नाही. म्हणाले, "मुळाशी अजून तपकिरी आहे ना? मग जिवंत आहे. चार-पाच दिवस दिवा बंद. मग उजेड थेट नको, जाळीतून. रडू नका. माझं मोठं कोरल एकदा असंच भाजलं होतं, माझ्याच चुकीनं. आलं परत."

"तुमच्या चुकीनं? काय केलं होतंत?"

"लग्नाच्या शूटिंगचा फ्लड लाइट लावला होता वर. सुंदर फोटो आला. एक."

रडता रडता हसले मी.

१ ऑक्टोबर

एक विचार आलाय. लिहू नये असा. तरी लिहिते, नाहीतर आत सडेल.

समया दोन होत्या. दोन्ही जळत होत्या, मी बघितलं. मग अंधार कसला? आत्याबाईंना मशीन न लावताही ऐकू येतं का? "उघडू दे, मग येतो" हे त्यांनी ऐकलं असेल तर? ते उघडूच नये असं वाटलं असेल तर?

मी काल संध्याकाळपासून त्यांच्याशी बोलले नाही. त्यांनी माझं ताट झाकून ठेवलं होतं. मी तसंच ठेवलं.

राग आहे, आणि रागावरही राग आहे. त्यांना माझ्याशिवाय कोण आहे? त्यांनी तसं केलं असेल तरी मी कुठल्या तोंडानं बोलू?

२ ऑक्टोबर, गुरुवार. दसरा

सकाळी झोपून उठले तर टाकीच्या काचेशी आपट्याचं पान ठेवलेलं. आत्याबाई म्हणाल्या, "त्येला बी सोनं दिलं. म्हटलं, सोन्यावानी हो रं बाबा, माजं चुकलं." आणि मला पान दिलं, आणि हात धरून ठेवला. त्यांचा हात किती हलका झालाय!

मी पाया पडले. विचार नाही पुसला गेला पूर्ण, पण पुरणपोळी दोन खाल्ल्या.

५ ऑक्टोबर, रविवार

जाळी! पूजाच्या पाळण्याची मच्छरदाणी माळ्यावर होती. तिचे चार पदर करून दिव्याखाली ताणून बांधले. निळा साठवर, जाळी आहे म्हणून. मशीनचा आकडा तिशीत. आता दर आठवड्याला एक पदर काढायचा, म्हणजे उजेड टप्प्याटप्प्यानं.

आत्याबाई खाली स्टुलाचे पाय धरून उभ्या होत्या, मी पडू नये म्हणून. सगळं बघून म्हणाल्या, "आगं, ह्ये तर डालगं की! कोकरू जलमलं की डालग्याखाली झाकायचं. मग सकाळच्या उनात जरा, मग जरा जास्ती. येकदम उनात सोडलं की माती." म्हटलं, "हे आधी का नाही सुचलं तुम्हाला?" तर तोंडाला पदर लावून हसायला लागल्या. इतक्या की मलाही हसू आलं.

आता टाकीला "डालगं" म्हणतात. "डालग्यातलं जित्राब जेवलं का?" असं विचारतात.

६ ऑक्टोबर

कोजागिरी. गच्चीवर दूध. पूजाचा व्हिडिओ कॉल. "आई, तू आजकाल छान दिसतेस." कार्टी!

९ ऑक्टोबर

मुळाकडून रंग चढतोय. खरंच चढतोय का मला वाटतंय? आत्याबाईंना बोलावलं. चष्मा लावून, नाक काचेला टेकवून बघितलं. "चढतोय," म्हणाल्या. "बदामी हुतंय."

धनाजीराव रोज विचारतात, "आमचा पेशंट कसा आहे?" मी रिपोर्ट देते — रंग सुधारला, टोपी टवटवीत, पेशंट शांत. "आणि सिस्टर?" "सिस्टर पण शांत." खोटं! कसली शांत!

१२ ऑक्टोबर, रविवार

पहिला पदर काढला. पदर सोडताना आत्याबाई आणि मी दोघींनी श्वास धरलेला, जसं काही ऑपरेशनच! संध्याकाळपर्यंत आक्रसलं नाही. मान वर केली चक्क.

आकडा पन्नासच्या आसपास. म्हणजे पहिल्या दिवशी सांगितलेलाच आकडा. एवढी ओरड, एवढं रडणं, आणि फिरून तिथेच!

१६ ऑक्टोबर, गुरुवार

उघडलं!!

दुपारची ड्यूटी नव्हती. चिवड्याचे पोहे भाजत होते. आत्याबाईंची हाक — "माया! माया गं! पळ!" मला वाटलं पडल्या. झारा हातात घेऊनच धावले. त्या काचेकडे बोट दाखवतायत.

सगळ्या टोपीवर फुलं. बारीक, बारीक, सोनेरी-हिरवी, प्रत्येकाला इवल्या पाकळ्या. आणि डोलतायत! झोत आला की सगळी एका बाजूला, मग पुन्हा ह्या बाजूला. नवरा-नवरी त्यांच्यात अंग घासून जातायत. मी जमिनीवरच बसले. आत्याबाई माझ्याशेजारी. पोहे जळाल्याचा वास आला तेव्हा उठलो.

इतका आनंद मला पूजाच्या जन्मानंतर झाला नव्हता.

१७ ऑक्टोबर

फोन केला नाही.

काल करणार होते. नंबर काढला आणि ठेवला. आज सकाळी ते म्हणाले, "पेशंट?" मी म्हटलं, "ठीक. अजून मिटलेला." खोटं बोलले मी! उघडं, डोलणारं कोरल समोर असताना!

कौल उजवा पडला, आणि मीच घाबरले. आत्याबाई ह्या वेळी दिवाळीचे आकाशकंदील स्वतः निवडून आणतात, "तुला निळा आवडतोय न्हवं?" म्हणत. ह्या बाईला सोडून जाऊ? त्यांना सांगलीला नेऊ? हे घर त्यांच्या लेकानं बांधलंय, उंबऱ्याला रोज हात लावून नमस्कार करतात त्या. नाही निघायच्या.

१८ ऑक्टोबर

ठरवलं. दिवाळी झाली की फोन करून सांगायचं — नाही. कोरल छान आहे, तुमचे उपकार, पण नाही. मशीन परत करायचं. ह्याला "हो" म्हणायला दोन माणसं पुरत नाहीत, तिसरं माणूस आहे, आणि त्याला मी विचारूच शकत नाही. दुपारी चकल्या मोडल्या सगळ्या. आत्याबाई मोडक्या चकल्या चाखत माझ्याकडे बघत होत्या. मशीन कानात होतं.

१९ ऑक्टोबर, रविवार

सकाळी गेट वाजलं. धनाजीराव! हातात मिठाईचा पुडा, चेहरा बावरलेला. "आत्याबाईंचा फोन आला होता," म्हणाले. "उघडलंय म्हणून. या म्हणाल्या."

आत्याबाई नवं लुगडं नेसून खाटेवर बसलेल्या. "मीच केला, तुज्या फोनातनं. किती दिस झाकून ठिवायचं? डबीत मशीन न्हवतंच, येडे, कानातच हुतं. आन रातभर दिवा कशापाई लावला वाटलं तुला? समया हुत्या की दोन-दोन! म्हटलं, जरा जास्ती उजेड दिला तर लवकर उमलंल, आन माज्या पोरीचा पाट लवकर लागंल. मला काय ठावं ते भाजतंय!"

मग धनाजीरावांकडे वळून — "आवं पावनं, टाकी सांगलीला न्ह्यायची न्हाई. हलीवलं की परत मिटतंय त्ये. तुमीच हिकडं या ऱ्हायला. फोटो काय, सातारकर बी काढत्यात."

धनाजीराव "येतो की" म्हणाले, आणि स्टँडवर राहिलेलं ते विचारलं. मी हो म्हटलं. दोघांनाही.